बंद आठवड्यातली झारी

दोन गॅलनची हिरवी झारी. दांड्याला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली.

ह्राडेक गावच्या बँकेवरची पाटी तापमान आणि वेळ आळीपाळीनं दाखवते. एकशे एक. तीन चाळीस. एकशे एक. तीन एकेचाळीस.

जर्दाळूचा मुरंबा भरलेला अर्धा गोड पाव, कोलाची, कागदी रुमालात गुंडाळून हार्वेस्टरच्या पायरीवर ठेवलेला.

नियमपुस्तक, पान सदतीस : 'उन्हाळी संपर्कबंदीच्या काळात कोणताही प्रशिक्षक खेळाडूंशी प्रत्यक्ष, दूरध्वनीवरून, लेखी अथवा अन्य कोणत्याही मार्गाने संपर्क साधणार नाही.'

गुरांना पाणी पाजायची पत्र्याची टाकी. तिच्यात दोन लहान मुलं, हातात बागेची नळी.

टेगन ओल्टमन्सनं त्या दुपारी लावलेले फोन : वडिलांना दोन, आईला एक. आणखी कोणाला नाही.

रकाना १ : घटनेचा दिनांक

'२ जुलै, बुधवार.' एवढं लिहून मार्लीन व्हर्बकानं पेन खाली ठेवलं.

ऑगस्टमधला पहिला रविवार होता. चर्चला ती गेली नव्हती. स्वयंपाकघरातल्या टेबलावर अहवालाचा कोरा छापील कागद, शेजारी गार होऊन गेलेली कॉफी. सोमवारी सकाळी नऊ वाजता हा कागद शाळेचा अधीक्षक रॉजर प्लेटनर याच्या हातात द्यायचा आणि त्यानं तो राज्याच्या क्रीडा संघटनेकडे पाठवायचा. नियम मोडला असेल तर शाळेनंच आपण होऊन कळवायचं, अशी पद्धत. कागदावर सहा रकाने होते. चौथ्यापाशी रॉजरनं एक पिवळी चिठ्ठी चिकटवून ठेवली होती. चिठ्ठीवर त्याचं गोल अक्षर : 'इथे फक्त "नाही". पुढे काही लिहू नकोस.'

चौथा रकाना असा : 'संपर्कबंदीच्या काळात प्रशिक्षकाचा खेळाडूंशी संपर्क झाला का?'

मार्लीन ह्राडेकच्या शाळेत मुलींच्या व्हॉलीबॉल संघाची कोच होती. यंदाचं हे अठ्ठाविसावं वर्ष. 'नाही' लिहिलं की प्रकरण मिटत होतं. मुली आपापल्या हौसेनं खेळायला जमल्या, कॅप्टननं त्यांना जास्त पळवलं, एक मुलगी उष्माघातानं पडली. शाळेकडे बोट दाखवायला जागा नाही. 'हो' लिहिलं तर संघाचा अख्खा मोसम रद्द, बाराही मुली घरी, आणि मार्लीनला पुन्हा कुठल्याच शाळेत शिट्टी गळ्यात घालता येणार नाही.

चौथा रकाना शेवटी भरू, असं तिनं ठरवलं.

रकाना २ : स्थळ

'ओल्टमन्स कुटुंबाची यंत्रांची शेड, दफनभूमीच्या समोर.'

'दफनभूमीच्या समोर' हे शब्द तिनं खोडले. मग खोडलेल्याच्या वर पुन्हा लिहिले.

दर उन्हाळ्यात जून संपता संपता बंद आठवडा येतो. शाळेला कुलूप लागतं, व्यायामशाळेतला गारवा बंद होतो, कोचनं मुलींशी अवाक्षर बोलायचं नाही. पोरांनी वर्षातून एक आठवडा तरी नुसतं पोर म्हणून राहावं, तळ्यावर जावं, चार जुलैच्या स्वातंत्र्यदिनाचे फटाके उडवावेत, इतका साधा हेतू. हेतूबद्दल कुणाची तक्रार नव्हती. भीती एकच होती. आपण थांबलो आणि बाकीचे थांबले नाहीत तर?

बाकीचे थांबत नव्हतेच. शेजारच्या डोरहॅम गावचा फुटबॉल कोच त्या आठवड्यात रोज मैदानापलीकडच्या ओढ्यावर गळ टाकून बसायचा. त्या ओढ्यात मासे नव्हते. पूर्वी मार्लीन स्वतः शेडसमोर रस्त्याच्या कडेला ट्रकचं बॉनेट उघडून उभी राहायची. ट्रक बिघडलाय, आता करणार काय. मग नऊ वर्षांपूर्वी तिचा नवरा एड गेला आणि त्याला जागा मिळाली ती नेमकी ओल्टमन्सच्या शेडसमोर, रस्त्याच्या पलीकडे, कुंपणापासून तिसऱ्या रांगेत. नवऱ्याच्या कबरीवरच्या फुलांना पाणी घालणाऱ्या बाईला कुठली संघटना काय विचारणार?

झारी गवतात ठेवलेली असेल तर : पुरे, पाणी प्या. झारी कबरीच्या दगडावर असेल तर : रेषा पुन्हा. रेषा म्हणजे शेडच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पळायचं, वाकून फरशीला हात टेकायचा, उलट फिरायचं. असं दहा वेळा.

हे सगळ्या गावाला माहीत होतं. गावानं ते कधी बोलून दाखवलं नाही, इतकंच.

बंद आठवड्याच्या आदल्या शुक्रवारी मार्लीननं नेहमीप्रमाणे मुलींना जाळ्याजवळ बसवलं होतं.

"उद्यापासून सात दिवस मी तुम्हाला ओळखत नाही," ती म्हणाली. "मला फोन नाही, मेसेज नाही. मला नाही आणि शाळेतल्या दुसऱ्या कुणालाही नाही. रस्त्यात दिसले तर मान फिरवायची. मागच्या वर्षी डोरहॅमच्या कुणीतरी माझ्या गाडीचा फोटो काढून संघटनेला पाठवला होता, लक्षात आहे ना? कुणी काही खेळलं तर आपल्या मर्जीनं. मी काही सांगितलेलं नाही."

"बुधवारी तीन वाजता आमच्या शेडमध्ये यायचं असंही कोच काही म्हणालेल्या नाहीत," टेगन म्हणाली. ती कॅप्टन, शेवटच्या वर्षाची, शेडवाल्या ओल्टमन्सांची थोरली.

"मला ऐकू आलं नाही."

"त्यांना ऐकूही आलेलं नाही. लिहून घ्या गं."

मुली खिदळल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "कोच, एडकाकांना आमचा नमस्कार सांगा. आणि फुलांना बेतानं पाणी घाला. मागच्या वर्षी माझे पाय दोन दिवस जिन्यावर चढत नव्हते."

"ती फुलं तुझ्यापेक्षा कमी कुरकुरतात," मार्लीन म्हणाली, आणि सगळ्यांत आधी हसली ती ब्रिन कुचेरा, हातातला चेंडू निसटेपर्यंत.

रकाना ३ : उपस्थित व्यक्ती

तिनं बारा नावं लिहिली. टेगनचं पहिलं, ब्रिनचं शेवटचं. मग बराच वेळ ब्रिनच्या नावाखालच्या कोऱ्या ओळीकडे बघत राहिली.

ब्रिन पंधरा वर्षांची. मागच्या वर्षी दुसऱ्या संघात होती. यंदा पहिल्या संघात यायचं म्हणून ती मे महिन्यापासून एकही दिवस चुकली नव्हती. सकाळी सहाला शेतावर पाण्याचे पाइप हलवायला जायची, दुपारी खेळायला. सगळ्याच मुलींच्या सकाळी अशा कामात जात, म्हणून खेळ दुपारी. एरवी त्याचं काही वाटत नसे. व्यायामशाळा गार असायची, आणि मुलींच्या दुखण्याखुपण्याचं बघायला शाळेनं नेमलेली बाई, जोडी हाइटकँप, कोपऱ्यात बर्फाची टाकी भरून बसलेली असायची. बंद आठवड्यात जोडीही येऊ शकत नव्हती. ती शाळेचं माणूस.

त्या बुधवारी मार्लीन तीनच्या आधीच कबरीपाशी पोचली. शेडची दोन्ही दारं उघडी होती. हार्वेस्टरची शिडी आणि समोरचा खांब यांना जाळं बांधलेलं. बाहेर एकशे एक अंश फॅरनहाइट होतं. पत्र्याखाली किती होतं ते कुणी मोजलं नाही.

पहिल्या दहा रेषा ढिसाळ झाल्या. शेवटच्या दोन रेषांना दोघी चक्क चालताना दिसल्या. मार्लीननं झारी उचलून दगडावर ठेवली. टेगननं दारातून पाहिलं आणि आत वळली. मुली पुन्हा पळू लागल्या.

इथवर नेहमीसारखं. पुढचं तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

पाण्याअभावी पेटुनियाची निम्मी फुलं सुकली होती. ती गुडघ्यांवर बसून सुकलेली खुडू लागली. खुडता खुडता तिला एडच्या हातांची आठवण आली. त्याला ही फुलं आवडत नसत. चिकट लागतात म्हणायचा, आणि तरी दर वर्षी तोच लावायचा. गेल्या नऊ वर्षांत बंद आठवड्यात ती सात सात दिवस इथं येत होती, पण नजर कायम रस्त्यापलीकडे. एड तिच्या मनात येत नसे. त्या दिवशी आला. किती वेळ गेला तिला कळलं नाही. मूठभर सुकी फुलं हातात घेऊन ती उठली तेव्हा शेडच्या दारातून चार मुली पाचवीला उचलून बाहेर आणत होत्या.

झारी दगडावरच होती.

ती कुंपणाच्या फाटकाशी गेली. कडीवर हात ठेवला. मागच्या वर्षी फोटो गेल्यावर रॉजरनं बजावलं होतं, "मार्लीन, काय वाट्टेल ते कर, रस्ता ओलांडू नकोस." गोळा आला असेल पायात, तिला वाटलं. पाणी पाजतील, सावलीत निजवतील. मग उचललेल्या मुलीचा हात लोंबताना दिसला. टेगननं एकदाच वळून दफनभूमीकडे बघितलं. मार्लीन जागची हलली नाही. टेगननं घरचा पिकअप मागे घेतला, मुलीला मागच्या सीटवर आडवं केलं, आणि धुरळा उडवत पिकअप निघून गेला.

उरलेलं पाणी मार्लीननं फुलांवर ओतलं. का, हे तिला आजही सांगता आलं नसतं.

काउंटीचा दवाखाना चौतीस मैलांवर आहे. जोडीचं घर त्याच रस्त्यावर, शेडपासून अर्ध्या मैलावर. बंद आठवड्यासाठी शाळेतली पत्र्याची टाकी तिनं घरी आणली होती. अंगणात ती टाकी काठोकाठ भरलेली होती आणि जोडीची मुलं आत डुंबत होती.

"गाडी माझ्या दारावरून गेली, मार्लीन," जोडी नंतर म्हणाली. "मुलांनी हात केला गाडीला. मी भांडी घासत होते. मी खिडकीतून बघितलंय ती गाडी. आधी गार पाण्यात बुडवायचं, मग दवाखाना. दर वर्षी ओरडून सांगते मी. टेगनला पाठ आहे ते. मग थांबली का नाही ती? काय घाबरली होती का?"

मार्लीनला उत्तर माहीत होतं. बंद आठवड्यात शाळेच्या माणसाशी बोलायचं नाही. टेगन कॅप्टन होती. तिला शिकवलेलं ती करत होती.

त्या रात्री नियमपुस्तक उघडून मार्लीननं पान सदतीस उलटलं. अडतिसाव्या पानावर दुसरी ओळ होती : 'जिवावरच्या प्रसंगी वरील बंदी लागू नाही.' अठ्ठावीस वर्षं ती हे पुस्तक वाचत आली होती. वाचायची ते काय काय करता येईल हे शोधायला. ही ओळ तिनं कधी कुणाला वाचून दाखवली नव्हती.

रकाना ५ : जखमी खेळाडूची सद्यस्थिती

'लिंकन येथील रुग्णालयात. प्रकृती स्थिर.'

रॉजरनं सांगितलेले शब्द हेच. ते खोटे नव्हते. ब्रिन दवाखान्यात पोचली तेव्हा अंगात एकशे सात ताप होता. तिथून हेलिकॉप्टरनं लिंकनला. अकरा दिवस मूत्रपिंडं यंत्रावर. मग डोळे उघडले, मग बोलू लागली. आता धरून उभं केलं की उभी राहत होती, पण डावा पाय तिचं ऐकत नव्हता. ती पुन्हा खेळेल का, हे डॉक्टरांना कुणी विचारलं नव्हतं.

मार्लीन जुलैच्या शेवटी लिंकनला गेली. ब्रिनची आई लॉरी जिन्याजवळच्या बाकावर बसली होती. पंचवीस वर्षांपूर्वी लॉरी मार्लीनच्याच संघात होती. डावखुरी, उंच, सर्व्ह अशी यायची की पलीकडच्या मुली डोळे मिटून घ्यायच्या. तिनं उठून मार्लीनला जवळ घेतलं नाही. बाकावर थोडी सरकली.

"आमच्या वेळी तुम्ही बॉनेट उघडून उभ्या राहायच्या, कोच."

"हो."

"ब्रिनचा बाबा डेल तेव्हा म्हणायचा, या बाईचा ट्रक दर वर्षी त्याच आठवड्यात कसा बिघडतो." लॉरी हसली, आणि हसणं तिथंच टाकून तिनं विचारलं, "त्या दिवशी फुलांना पाणी घालायला गेला होतात?"

"गेले होते."

"ब्रिन घरी जेवताना सांगते आम्हाला सगळं. झारी खाली, झारी वर. डेलला फार मजा वाटते." लॉरी हातातल्या रुमालाची घडी उलगडून पुन्हा घालत होती. "टेगननं लिहून दिलंय की तिसऱ्यांदा तिनंच पळवलं. आपल्या मनानं. मला ते पटत नाही. टेगनला लहानपणापासून बघतेय मी. ती स्वतःच्या मनानं सँडविचसुद्धा निवडत नाही. म्हणून विचारते. झारी कुठं होती, कोच?"

जिन्यावरून कुणीतरी चाकाची खुर्ची उतरवत होतं.

"खाली," मार्लीन म्हणाली. "गवतात होती."

लॉरीनं मान हलवली. "बरं. आत जाऊ या, ती जागी असेल."

ब्रिन उशीला टेकून बसली होती. केस धुऊन दोन वेण्या घातलेल्या. मार्लीनला बघून तिनं सवयीनं पाठ ताठ केली.

"कशी आहेस, बाळ?"

"बरी आहे. कोच, मला एक विचारायचं होतं. टेगनला विचारलं तर ती रडायला लागते." ब्रिन सावकाश बोलत होती, शब्द एकेक करून उचलल्यासारखी. "माझ्या तिसऱ्या दहा पूर्ण झाल्या का? मला मोजता नाही आलं. सातपर्यंत आठवतंय."

"ब्रिन, ते आता..."

"नाही, म्हणजे मी बघितलं होतं. दोनदा बघितलं. दुसऱ्या दहा झाल्यावर मला वाटलं आता संपलं, पण झारी वरच होती. म्हणून म्हटलं अजून दहा आहेत. झारी वर होती ना?"

लॉरी खिडकीपाशी उभी होती. ती वळली नाही. काचेवर हात ठेवून खालच्या गाड्यांकडे बघत राहिली.

"झाल्या का पूर्ण?" ब्रिननं पुन्हा विचारलं.

"झाल्या," मार्लीन म्हणाली.

"मग ठीक आहे." ब्रिननं पाठ उशीला टेकली.

खोलीतून निघताना लॉरीनं दार धरलं. मार्लीन लिफ्टमध्ये शिरेपर्यंत ते तसंच उघडं धरून उभी होती.

रकाना ६ : शाळेने केलेली कारवाई

इथं काय लिहायचं तेही रॉजरनं सांगून ठेवलं होतं. 'खेळाडूंना समज देण्यात आली.'

त्याच्या कचेरीत शुक्रवारी तो खुर्ची ओढून मार्लीनच्या शेजारी येऊन बसला होता. टेबलाच्या पलीकडून बोलला नाही. चाळीस वर्षांची ओळख.

"तू तिथं होतीस हे सिद्ध करता येत नाही. आणि असलीस तरी नवऱ्याच्या कबरीवर होतीस."

"रॉजर, झारी."

"झारी म्हणजे झारी. लोक झारी कुठंही ठेवतात." तो पुढे वाकला. "मी काय सांगतो ते ऐक. तू 'हो' लिहिलंस तर बरं कुणाला वाटणार आहे? तुला. एकटीला. अकरा पोरींचा मोसम जाईल. कुचेरांना त्यातून काय मिळणार? पोरीचा पाय बरा होणार?"

"टेगनचं काय?"

"टेगनलाच विचार."

म्हणून ती शनिवारी टेगनला विचारायला गेली होती. मक्याचे तुरे काढायच्या कामाचा मोसम संपत आला होता. शेताच्या बांधावर पिवळी बस उभी होती आणि मुलं एकेक करून ओळींमधून बाहेर येत होती. टेगन शेवटी आली. लांब बाह्या, हातमोजे, गालांवर पानांनी कापल्याच्या बारीक रेघा. बाकीची मुलं बसच्या सावलीत एकत्र बसली. टेगन पलीकडच्या चाकापाशी एकटीच पाण्याचा जग घेऊन बसली. तिच्याशेजारी कुणी आलं नाही.

"असं कधीपासून?" मार्लीननं विचारलं.

"कसं?"

"एकटी बसतेस."

"मला इथं सावली जास्त मिळते." तिनं हातमोजा काढला. "तुम्ही आता माझ्याशी बोलू शकता वाटतं. बंदी संपली."

"टेगन, मी खरं लिहायचं म्हणतेय."

"का?"

"गाव तुला बोलतंय."

"बोलू दे. परवा दुकानात ब्रिनच्या आजीनं मला बघून ट्रॉली फिरवली. चालतं मला. मी मरत नाही त्यानं." ती घोटभर पाणी प्यायली. "अठरा सप्टेंबरला कर्नीच्या कॉलेजचे कोच येतायत माझा खेळ बघायला, शिष्यवृत्तीसाठी. तुम्हीच बोलावलंत त्यांना. मोसमच नसेल तर ते काय बघणार, मका? माझ्या बाबांकडे कॉलेजसाठी काही नाहीये, कोच. तुम्हाला माहितेय ते. दोष माझ्यावर आला तर आला. मला सप्टेंबर पाहिजे."

"तू त्या दिवशी जोडीकडे का नाही थांबलीस?"

टेगन पाण्याच्या जगचं झाकण फिरवत बसली.

"तुमच्याकडे बघितलं होतं मी," ती म्हणाली. "तुम्ही हात केला असता तर थांबले असते. तुम्ही काहीच केलं नाहीत. मला वाटलं, म्हणजे नेहमीचं. म्हणजे कुणाला सांगायचं नाही."

बसवाल्यानं भोंगा दिला. टेगन उठली, पँटवरची माती झटकली.

"नाही लिहा," ती म्हणाली. "एवढं करा माझ्यासाठी. प्लीज."

रकाना ४ : संपर्कबंदीच्या काळात प्रशिक्षकाचा खेळाडूंशी संपर्क झाला का?

दुपारचे दोन वाजले. चर्चहून परतणाऱ्या गाड्या केव्हाच येऊन गेल्या होत्या. मार्लीननं पिवळी चिठ्ठी काढून टेबलाच्या कडेला लावली, मग पुन्हा जागेवर लावली. तिचा डिंक कमी झाला होता.

'नाही' लिहायला एक चांगलं कारण हाताशी होतं. ते टेगननं स्वतः दिलं होतं, तेही प्लीज म्हणून. मुलीसाठी केलं, असं मनाला सांगता आलं असतं. नऊ वर्षं ती एडच्या आड उभी राहिली होती. आता टेगनच्या आड राहायचं. हे एकदा तिच्या डोक्यात आलं, आणि मग ते काही केल्या जाईना.

उलट बाजूही तिनं घासूनपुसून बघितली. 'हो' लिहिलं तर टेगनचा सप्टेंबर जाणार होता, आणि तो ती कुठूनही परत आणून देऊ शकत नव्हती. टेगन आयुष्यभर तिला दोष देईल. दिला तर योग्यच होतं. अकरा घरांतून तिचं नाव निघेल. रॉजर पुन्हा तिच्या शेजारी खुर्ची ओढणार नाही. आणि ब्रिनचा पाय जसा आहे तसाच राहील. कुठल्याही बाजूनं बेरीज जमत नव्हती.

पण तिकडे लिंकनमध्ये एक मुलगी आपल्या दहा पूर्ण झाल्या की नाही म्हणून काळजीत होती, आणि तिच्या आईनं नीट, सरळ विचारलेल्या प्रश्नाला मार्लीननं खोटं उत्तर दिलं होतं. बाकी सगळ्याचा हिशेब लागत नसला तरी एवढं तरी तिला दिसत होतं.

तिनं लिहिलं : 'हो.'

रकान्यात दोन ओळींची जागा होती. ती पुढे समासात लिहीत गेली, मग कागद उलटून मागे.

'झारी दगडावर ठेवली की रेषा पुन्हा, ही खूण मी ठरवलेली आहे. नऊ वर्षं आहे. त्याआधी दुसऱ्या खुणा होत्या. २ जुलैला दुसऱ्या फेरीसाठी झारी मी मुद्दाम वर ठेवली. ती खाली ठेवायला विसरले. तिसरी फेरी मुली माझ्या विसरण्यामुळे पळाल्या. टेगन ओल्टमन्सनं स्वतःच्या मनानं काहीही केलं नाही. पडलेल्या खेळाडूला बाहेर आणताना मी बघितलं. मी फाटकाशी होते. मी रस्ता ओलांडला नाही. बंद आठवड्यात शाळेच्या माणसाला फोन करायचा नाही हे मुलींना मीच शिकवलं होतं. त्यामुळे त्या जोडी हाइटकँपच्या घरावरून गेल्या आणि थांबल्या नाहीत.'

खाली सही केली. तारीख घातली. मग दुसरा कागद घेऊन तेच सगळं लॉरीला लिहिलं, फक्त 'खेळाडू' ऐवजी 'ब्रिन' असं, आणि वर एक ओळ : 'तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले.'

सोमवारी रॉजरनं कागद उभ्यानंच वाचला. उलटून मागचंही वाचलं.

"मी हे पाठवलं की परत नाही घेता येणार," तो म्हणाला.

"पाठव."

"एकदा जेवून ये. अकराला ये. मी तोवर हे बघितलेलं नाही."

"रॉजर, पुरे झालं आता. पाठव."

संघटनेचा निकाल बावीस ऑगस्टला आला. ह्राडेकच्या मुलींचा मोसम रद्द. मार्लीनचा परवाना गेला. त्या आठवड्यात तिच्या दारातल्या टपालपेटीवर कुणीतरी झारीचं चित्र काढून ठेवलं, रंगाच्या फवाऱ्यानं, बऱ्यापैकी हुबेहूब. ती ते पुसायला गेली नाही.

लॉरीकडून उत्तर आलं नाही.

टेगन एकदा आली. दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी आली नाही. कॅप्टनच्या बाहीवरची पट्टी तिनं पाकिटात घालून आणली होती.

"शाळेत द्यायची असते ती," मार्लीन म्हणाली.

"माहितेय," टेगन म्हणाली. "दुकानात आता लोक मला हॅलो करतात. ब्रिनच्या आजीनं मिठी मारली. मी मागितलं होतं का हे तुमच्याकडे?"

"नाही."

"मी एकच गोष्ट मागितली होती."

"हो."

टेगननं पाकीट पायरीवर ठेवलं. गाडीपर्यंत गेली, थांबली, आणि मागे न बघताच म्हणाली, "ब्रिन काल घरी काठी घेऊन फाटकापर्यंत चालली. तुम्हाला कुणी सांगितलं नसेल म्हणून सांगते." मग गाडीत बसली.

मार्लीन पाकीट उचलायला वाकली, आणि गाडी वळण घेऊन दिसेनाशी होईपर्यंत तशीच वाकलेली राहिली.

त्या बुधवारच्या महिनाभर आधी, मे महिन्याच्या एकोणतीस तारखेला, शाळा सुटायच्या आदल्या दिवशी, मार्लीननं येत्या मोसमाच्या पहिल्या संघाची बारा नावं पेन्सिलीनं लिहून खणात ठेवली होती. सातवं नाव ब्रिन कुचेराचं होतं.